काडतुसांचीं नांवें

काडतुसाच्या नांवांतील आंकड्यांवरून त्याचें बळ ठरवूं जाणारा हटकून फसतो. अमेरिकेच्या १८७३ सालच्या '.४५-७०' मध्यें पहिला आंकडा इंचांतील व्यासाचा, दुसरा काळ्या दारूच्या ग्रेनांचा, '.३०-०६' मधील ०६ मात्र १९०६ साल दाखवितो. जर्मनांच्या '७×५७' मध्यें नळीचा व्यास व पुंगळीची लांबी मिलिमीटरांत आहेत. तेंच काडतूस लंडनच्या रिग्बींनीं '.२७५' म्हणून विकलें. १९०७ च्या सुमारास, बंडखोरांच्या मार्टिनी-हेन्री बंदुकांस गोळ्या मिळूं नयेत म्हणून, हिंदुस्थान सरकारनें .४५० च्या खासगी रायफलींस बंदी केली, त्यामुळें.४६५ व .४७० जन्मास आलीं. आंकडा बदलला, बळ जवळजवळ तेंच राहिलें. उलट बारीक .२७५ नें शिकारी बेल यांनीं आफ्रिकेंत शेंकडों हत्ती पाडले. तेव्हां तुलना करणाऱ्यानें गोळीचें वजन, वेग व नेम पाहावा. नांव आपला इतिहास तेवढा सांगतें.