‘उष्ण’ गंधाचे नामकरण : एक ऐतिहासिक टिपण

दालचिनी, लवंग, सुगंधी राळ व व्हॅनिला यांचा मेळ असलेले अत्तर अंगास लावले असता प्रथम मसाल्याचा तिखटपणा, मग गोडवा आणि अखेरीस केवळ ऊब, असा क्रम अनुभवास येतो. राळ व व्हॅनिला यांतील जड घटक त्वचेवरून सावकाश उडतात. त्यामुळे सकाळी लावलेला गंध सायंकाळीही वस्त्रांत रेंगाळतो. विसाव्या शतकातील पाश्चात्त्य गंधव्यवसायाने या वर्गास ‘ओरिएंटल’, म्हणजे पौर्वात्य, असे नाव दिले. ते कितपत यथार्थ होते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

या वर्गाचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे जाक गेर्लँ यांचे ‘शालिमार’. १९२५ साली पॅरिसच्या सजावट-कला प्रदर्शनात ते मांडले गेले. त्याच्या नावाशी शाहजहान-मुमताज यांच्या प्रेमाची कथा जोडण्यात आली. वस्तुतः श्रीनगरचे शालिमार उद्यान जहांगीराने उभारले. लाहोरचे शाहजहानाचे खरे, पण त्याचे काम १६४१ मध्ये, म्हणजे मुमताजच्या निधनानंतर दहा वर्षांनी, सुरू झाले. जाहिरातीस कालानुक्रमाची अडचण सहसा वाटत नाही! अत्तरातील गोडवाही पूर्वेचा नव्हता. व्हॅनिला मूळची मेक्सिकोची. तिचा मुख्य गंधघटक व्हॅनिलीन १८७४ साली टीमान व हारमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी कृत्रिमरीत्या सिद्ध केला आणि ‘शालिमार’मध्ये वापरले गेले ते त्याहून तीव्र असे इथिल व्हॅनिलीन.

भारतीय परंपरेत ‘उष्ण’ ही संज्ञा निराळ्या अर्थाने येते. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’तील ऋतुचर्येत हेमंतासाठी केशर-कस्तुरीची उटी व अगुरूची धुरी सांगितली आहे, तर ग्रीष्मात चंदन. शृंगाराचा संदर्भ तेथेही आहेच; परंतु उष्णता हा द्रव्याचा गुण असून तो ऋतू व देहप्रकृती पाहून योजावयाचा असतो. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वर तिसऱ्याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लासा’त विलेपनास राजाच्या उपभोगांत स्थान दिले. ‘गंधवाद’ या ग्रंथावर तर जुनी मराठी टीका उपलब्ध असून प. कृ. गोडे यांनी तिचा अभ्यास केला आहे. आपल्या वर्गांतून मात्र तिचा उल्लेख क्वचितच होतो, ही खेदाची बाब होय.

मायकेल एडवर्ड्‌स यांच्या ‘फ्रॅग्रन्सेस ऑफ द वर्ल्ड’ या वर्गीकरणाने २०२१ साली ‘ओरिएंटल’ ही संज्ञा वगळून ‘अँबर’ स्वीकारली. हा शब्दही मूळ अरबी ‘अन्बर’वरूनच आलेला आहे.