वांग आणि आवळा

जुन्या दिल्लीतील खारी बावलीच्या बाजारात आवळकाठीची पोती उघडी मांडलेली दिसतात. पोटासाठी, केसांसाठी आणि चेहऱ्यावरील डागांसाठीही तिला गिऱ्हाईक असते. यातील शेवटच्या उपयोगामागचा इतिहास मोठा वळणावळणाचा आहे.

या डागांना आपण मराठीत वांग म्हणतो. हा शब्द संस्कृत ‘व्यंग’ याचाच तद्भव होय. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात व्यंगाची गणना क्षुद्ररोगांत केली असून, क्रोध व श्रम यांनी क्षुब्ध झालेला वायू पित्तासह मुखावर येऊन वेदनारहित, पातळ, काळसर मंडल उमटवितो, असे म्हटले आहे. या व्याख्येत रोग ठरतो तो डाग. सावळा वर्ण नव्हे. पुढे वधूपरीक्षा करणाऱ्यांना हा विवेक राहिला नाही, ही गोष्ट वेगळी!

क जीवनसत्त्वाचा शोध मात्र स्कर्व्हीच्या वाटेने लागला. हंगेरियन शास्त्रज्ञ अल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी यांनी १९२८ मध्ये हे अम्ल वेगळे काढले. १९३७ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. दिल्लीहून शंभरेक मैलांवरील हिसार जिल्ह्यात १९३९-४० च्या दुष्काळात स्कर्व्ही उद्भवली, तेव्हा रोग्यांना आवळ्यानेच हात दिला.

हेच अम्ल त्वचेत रंगद्रव्य तयार करणाऱ्या टायरोसिनेज या विकराच्या कामात अडथळा आणते. परंतु हवा व उजेड लागताच ते पिवळे पडते आणि निकामी होते. म्हणून जपानी संशोधकांनी त्याच्या एका टिकाऊ संयुगाचे मलम करून पाहिले. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार, वांग किंवा वार्धक्याचे डाग असलेल्या ३४ जणांपैकी १९ जणांना चांगला गुण आला. डाग नसलेल्या २५ जणांपैकी अवघ्या ३ जणांची त्वचा उजळली. गोरेपणाच्या जाहिरातींत हा दुसरा आकडा वाचल्याचे मला तरी स्मरत नाही.

आमच्या कचेरीतील एका भगिनींनी मलमाचा खर्च वाचविण्यासाठी लिंबाची फोडच गालांवर चोळली आणि मे महिन्याच्या उन्हात बसची वाट पाहत त्या उभ्या राहिल्या. आठवड्याभरात डाग अधिकच गडद झाले. लिंबाच्या सालीतील काही द्रव्ये उन्हाच्या संयोगाने त्वचा भाजून काढतात. त्वचारोगतज्ज्ञांनी औषध लिहून देण्यापूर्वी त्यांना पहिला प्रश्न विचारला, तो छत्रीविषयी.