दलदल, चित्रशाळा आणि सायकलवाट : वोर्प्सवेडेच्या सहलीचा वाचनक्रम

सुट्टीचा बेत आखणे हा वाङ्मयाच्या अभ्यासकाचा प्रांत नव्हे, असे कोणी म्हणेल. परंतु एखाद्या गावातली स्थळे कोणत्या क्रमाने पाहायची हे ज्याने ठरवले, त्याने त्या गावाचा इतिहास कोणत्या क्रमाने वाचायचा हेही ठरवून टाकलेले असते. उत्तर जर्मनीतले वोर्प्सवेडे हे खेडे या दृष्टीने आम्हांला फार बोलके वाटते. ब्रेमेन शहराच्या ईशान्येस सुमारे २५ किलोमीटरांवर हे गाव आहे. भोवती सपाट माळ, कालव्यांच्या कडेने जाणाऱ्या सायकलवाटा, आणि गावात चित्रसंग्रहालये व लहानमोठ्या चित्रशाळा. चार दिवसांच्या निवांत ग्रामीण सुट्टीला आणखी काय हवे? जर्मनीत शिक्षणासाठी जाणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांची संख्या आता लहान राहिलेली नाही. त्यांपैकी कोणी तिकडे वळणार असेल, तर त्याच्या हाती द्यावा असा एक बेत आम्ही येथे मांडत आहोत.

मराठी काव्यवाचकाची या गावाशी नकळत ओळख झालेली असते. राइनर मारिया रिल्केने एका तरुण कवीला लिहिलेल्या पत्रांपैकी, उत्तरांची घाई न करता प्रश्नच जगत राहावेत असा सल्ला देणारे प्रसिद्ध पत्र १६ जुलै १९०३ रोजी वोर्प्सवेडेहून लिहिले गेले. पत्राच्या माथ्यावरचे हे ग्रामनाम आपण ओलांडतो आणि थेट उपदेशाकडे वळतो. या लेखात त्या नावापाशी जरा थांबायचे आहे.

नेहमीचा प्रवासी बसने गावात उतरतो, आधी संग्रहालये पाहतो आणि चित्रांतला निसर्ग प्रत्यक्ष कसा दिसतो हे पाहायला मग सायकल घेतो. आमचा बेत याच्या उलट आहे. आधी दलदल, मग चित्रे, आणि चित्रांतही ज्यांची नावे उशिरा आली त्यांच्यासाठी शेवटचा, राखून ठेवलेला दिवस.

१.

पहिल्या दिवशी सायकल ब्रेमेनमधूनच घ्यावी आणि निघावे ते शहराच्या फिंडोर्फ भागातल्या टॉर्फहाफेन या छोट्या बंदरापासून. टॉर्फ म्हणजे पीट. दलदलीत अर्धवट कुजून दबलेल्या वनस्पतींचा थर. त्याच्या विटा कापून वाळवल्या की त्या जळणासाठी वापरता येतात. ब्रेमेनमधल्या चुली पिढ्यान्‌पिढ्या या विटांवर पेटत. काळपट तपकिरी शिडांच्या नावा हामे नदीने व कालव्यांनी त्या शहरात आणीत. आपण त्या नावांच्या उलट दिशेने निघालो आहोत हे ध्यानात ठेवले, की वाटेतला सपाट प्रदेश वेगळाच दिसू लागतो.

या प्रदेशाचे नाव टॉयफेल्समोर, म्हणजे शब्दशः सैतानाची दलदल. तज्ज्ञांच्या मते या नावाचे मूळ सैतानात नसून ‘नापीक’ अशा अर्थाच्या जुन्या स्थानिक शब्दात आहे. अठराव्या शतकाच्या मध्यापासून हानोफरच्या राजवटीने ही दलदल निचरा करून वसवायला घेतली. या कामाचा सूत्रधार युर्गेन क्रिस्टियान फिंडोर्फ (१७२०–१७९२). त्याला १७७१ साली दलदल-वसाहतीचा अधिकारी नेमण्यात आले. त्याने आखलेल्या वसाहती नकाशावर आजही ओळखू येतात. सरळ रेषेत खोदलेला कालवा, त्याच्या काठाने बांध, बांधालगत ओळीने घरे आणि प्रत्येक घरामागे लांबच लांब अरुंद पट्ट्यासारखी जमीन. भूमिहीन गडी, धाकटे मुलगे असे लोक इथे आले. आधी गवताळ मातीच्या ढेकळांच्या खोपटांत राहिले आणि गुडघाभर पाण्यात उभे राहून पीट कापू लागले. पहिल्या पिढीच्या वाट्याला मरण, दुसरीच्या वाट्याला हलाखी आणि तिसरीच्या वाट्याला भाकरी, अशा अर्थाची म्हण तिकडे प्रचलित आहे.

दुसरा दिवस याच वसाहतींसाठी ठेवावा. श्लुसडोर्फ या वस्तीत पीटच्या नावा बांधण्याच्या जुन्या कारखान्याचे छोटे संग्रहालय आहे. तिथे थांबावे आणि मग कालव्याकाठच्या बांधांवरून सायकल चालवावी. चढ नाही, वळण नाही. दुतर्फा पांढऱ्या सालीची बर्चची झाडे आहेत. ज्याच्या सालीवर आपल्याकडे पोथ्या लिहिल्या गेल्या, तो भूर्ज याच कुळातला. ही सायकलवाट इतकी सुखाची आहे याचे कारण इतकेच, की कोणीतरी फावड्याने तो बांध घातला. मराठीत आपण अशा देखाव्याच्या चित्राला ‘निसर्गचित्र’ म्हणतो. वोर्प्सवेडेत हा शब्द फसवतो. इथल्या चित्रांत दिसणारा सरळ कालवा, त्यातले स्थिर काळे पाणी आणि काठावरची झाडांची रांग हे सारे आखून, खोदून, मेहनतीने घडवलेले आहे.

२.

तिसऱ्या दिवशी गावात शिरावे. वायरबेर्ग ही जेमतेम ५५ मीटर उंचीची टेकडी सभोवारच्या सपाटीमुळे डोंगरासारखी वाटते. तिच्या अंगावर फिंडोर्फचे स्मारक आहे आणि पायथ्याच्या वस्तीत १७५९ साली पूर्ण झालेले चर्च.

या गावाचा कलेतिहास एका सुट्टीपासूनच सुरू होतो, हा योगायोग लक्षात घेण्याजोगा आहे. ड्युसेलडोर्फला चित्रकला शिकणाऱ्या फ्रिट्स माकेन्झेन या अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याला १८८४ साली मिमी श्टोल्टे या ओळखीच्या मुलीने आपल्या गावी सुट्टीला बोलावले. ती वोर्प्सवेडेतल्या एका दुकानदाराची मुलगी. पुढे १८८९ च्या उन्हाळ्यात माकेन्झेन आपले मित्र ओटो मोडरझोन व हान्स आम एन्ड यांच्यासह पुन्हा आला आणि तिघांनी तिथेच राहायचे ठरवले. फ्रिट्स ओव्हरबेक आणि हाइनरिश फोगेलर यांची नंतर भर पडली. १८९५ साली ब्रेमेनमध्ये त्यांच्या प्रदर्शनाची टिंगल झाली; त्याच वर्षी म्युनिकमध्ये मात्र माकेन्झेनच्या उघड्यावरील प्रार्थनासभेच्या भव्य चित्राला सुवर्णपदक मिळाले आणि खेड्याचे नाव देशभर झाले.

या मंडळींनी अकादमीच्या बंद खोलीकडे पाठ फिरवली, आभाळाचे व पाण्याचे रंग नव्याने पाहिले. त्यांचे हे श्रेय निर्विवाद आहे. परंतु दोन दिवस बांधांवर सायकल चालवून आलेला प्रेक्षक या चित्रांपुढे वेगळे प्रश्न घेऊन उभा राहतो. माकेन्झेनच्या १८९२ मधल्या चित्रात पीटच्या ढकलगाडीवर बसून बाळाला पाजणारी बाई आहे. तिला लोक ‘दलदलीची मॅडोना’ म्हणू लागले. ढकलगाडीचे असे सिंहासन झाले, की ती कोणाला, किती ओझ्याने आणि किती मजुरीवर ढकलावी लागे, हा प्रश्न आपोआप मावळतो. कष्टाला पावित्र्याची प्रभा देणे ही त्याच्याकडे न पाहण्याची सभ्य रीत असते. आपल्या ग्रामीण साहित्याच्या चर्चेत हा मुद्दा अनोळखी नाही.

३.

रिल्के १९०० च्या उन्हाळ्याच्या अखेरीस फोगेलरच्या निमंत्रणावरून इथे राहायला आला. फोगेलरच्या घराचे नाव बार्केनहोफ. मराठीत म्हणायचे तर भूर्जवाडी. तिथल्या मैफलींत त्याची भेट शिल्पकार क्लारा वेस्टहोफ आणि चित्रकार पाउला बेकर या दोन मैत्रिणींशी झाली. त्याच ऑगस्टमध्ये या दोघींनी गंमत म्हणून चर्चच्या घंटा वाजवल्या; आग लागली असे समजून गावकरी धावून आले. भरपाई म्हणून दोघींनी चर्चच्या आतला भाग सजवून दिला. क्लाराने देवदूतांची मुखे घडवली, पाउलाने फुलांची नक्षी रंगवली. हे काम आजही पाहता येते. १९०१ साली क्लाराने रिल्केशी आणि पाउलाने विधुर झालेल्या ओटो मोडरझोनशी विवाह केला.

१९०३ साली रिल्केचे ‘वोर्प्सवेडे’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. प्रकाशकाच्या मागणीवरून लिहिलेले असले तरी त्यातले निसर्गदर्शनावरचे प्रास्ताविक हे उत्कृष्ट गद्य आहे. निसर्ग माणसाला परका असतो, त्याला आपल्या सुखदुःखाशी देणेघेणे नसते, हा विचार तिथे ठामपणे येतो. पीट कापणाऱ्यांचे ओलेचिंब दिवसही रिल्केला दिसले होते. त्यांचे वर्णन तो करतो. तेव्हा त्याला आंधळा ठरवणे अन्यायाचे होईल. पण त्याच्या लेखनात ही माणसे त्या भूमीचाच एक भाग होऊन येतात. शासनाने आखलेल्या वसाहतीत राबणारी, इतिहास असलेली माणसे म्हणून ती येत नाहीत.

आणि पुस्तकात चित्रकार किती? पाच. माकेन्झेन, मोडरझोन, ओव्हरबेक, हान्स आम एन्ड, फोगेलर. पाउलावर प्रकरण नाही. तिच्याकडे कलावंत म्हणून पाहिलेलेच नाही. तिच्या बाजूने त्या वेळी प्रसिद्धीचे पाठबळ नव्हते हे खरे. १८९९ साली ब्रेमेनच्या कलादालनात तिची चित्रे लागली तेव्हा आर्टुर फिटगर या समीक्षकाने ती इतक्या कठोरपणे झोडपली, की ती उतरवून घ्यावी लागली. तरीही तिच्या चित्रांपासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या कवीच्या नजरेतून ती सुटली, ही गोष्ट आपल्याला अस्वस्थ करायला हवी. समीक्षक आपल्या काळाच्या यादीबाहेर किती पाहू शकतो, याची ही परीक्षा आहे.

४.

चौथ्या दिवशी ब्रेमेनला परतावे आणि ब्योटशरश्ट्रासे या गल्लीतल्या पाउला मोडरझोन-बेकर संग्रहालयात निवांत वेळ घालवावा. पाउलाला वोर्प्सवेडे अपुरे वाटू लागले होते. १९०० पासून ती चारदा पॅरिसला गेली. सेझान आणि गोगँ यांच्याकडून आकाराचा ठोसपणा शिकली. त्याच दलदलीतल्या म्हाताऱ्या, अनाथालयातल्या व गरिबांच्या निवाऱ्यातल्या बायका, शेतकऱ्यांची मुले हे तिचेही विषय. पण १९०७ मधल्या निवाऱ्यातल्या वृद्धेच्या चित्रापुढे उभे राहावे. भोवती खसखशीची फुले आणि मध्ये ती वृद्धा, जड, स्थिर, कोणाची कणव न मागणारी. इथे मॅडोना नाही, आणि पार्श्वभूमीत विरघळलेला ग्रामस्थही नाही. १९०६ मध्ये पॅरिसला तिने रिल्केचेही चित्र काढले. २० नोव्हेंबर १९०७ रोजी, मुलीच्या जन्मानंतर अठराव्या दिवशी ती वारली. वय ३१. मागे सातशेहून अधिक चित्रे राहिली. हयातीत विकली गेली ती फार थोडी.

पुढल्या वर्षी रिल्केने तिच्यासाठी दीर्घ शोककाव्य लिहिले. शतकातल्या थोर विलापिकांत त्याची गणना होते. शीर्षकात मात्र ती ‘एक मैत्रीण’ आहे. तिथेही नाव नाही. कवीच्या दुःखाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण १९०३ ची यादी आणि १९०८ चे शीर्षक वर्गात शेजारी ठेवून वाचावे, असे आम्ही सुचवू. कॉफीचा व्यापारी लुडविग रोझेलियुस याने १९२७ साली उभारलेल्या या संग्रहालयामुळे एकट्या स्त्री-चित्रकाराला वाहिलेले जगातले पहिले संग्रहालय अस्तित्वात आले. वास्तूला नाव देताना त्याने तिचे माहेरचे ‘बेकर’ हे आडनाव आधी ठेवले होते.

५.

ही कथा येथे संपवली तर ती सुखान्त भासेल. १९११ साली वोर्प्सवेडेच्या वर्तुळातला चित्रकार कार्ल फिनेन याने ब्रेमेनच्या कलादालनाने व्हॅन गॉगचे खसखशीच्या शेताचे चित्र विकत घेतल्याबद्दल जर्मन कलावंतांचा जाहीर निषेध संघटित केला. आपल्या मातीचे प्रेम परक्याच्या द्वेषाकडे कधी वळले हे त्यांतल्या अनेकांना कळलेही नसेल. माकेन्झेन पुढे नाझी पक्षात गेला. पाउलाची सुमारे ७० चित्रे त्या राजवटीने ‘विकृत कला’ म्हणून सार्वजनिक संग्रहांतून जप्त केली. फोगेलरची वाट उलटी. पहिल्या महायुद्धात सैनिक असताना १९१८ साली त्याने कैसरला शांततेची मागणी करणारे पत्र लिहिले, तेव्हा त्याची रवानगी मनोरुग्णालयात झाली. परतल्यावर त्याने बार्केनहोफमध्ये समूहजीवनाचा प्रयोग केला. पुढे तिथे कामगारांच्या मुलांसाठी निवास झाला. १९३१ साली तो सोव्हिएत संघात गेला, १९४१ मध्ये तिथून कझाकस्तानात हद्दपार झाला आणि १९४२ साली उपासमारीत मरण पावला. त्याची पत्नी मार्था हिने १९२० साली गावातच ‘हाउस इम श्लू’ हे घर उभारून हातमाग चालवले. तेही पाहायला विसरू नये.

तेव्हा बेत असा : पहिले दोन दिवस बांधांवर, तिसरा गावात, चौथा ब्रेमेनमध्ये. शेवटच्या दिवशी ब्रेमेनच्या कलादालनात व्हॅन गॉगचे ते शेत आणि माकेन्झेनची पाजणारी बाई एकाच छपराखाली पाहता येतात. त्यांच्यासाठी सकाळ राखावी. पिशवीत रिल्केचे पुस्तक आणि पाउलाची पत्रे व रोजनिशी अशी दोन पुस्तके असावीत. दुसरे तिच्या मृत्यूनंतर, १९१७ साली प्रसिद्ध झाले. सायकल कोणतीही चालेल. वाट सपाट आहे. ती सपाट कोणी केली, तेवढे मात्र आधी वाचून निघावे.