मुंबई बेटावरची गादी आणि तिचा मराठवाड्यातला वारस

जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातले तीर्थपुरी समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत आहे. तरी या मुलखातल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या मंडळ्या ज्या बिशपला मानतात, त्याच्या गादीचे कूळ शोधत गेले, तर वाट औरंगाबादहून नाशिकला आणि नाशिकहून थेट मुंबईच्या बेटांवर जाते. ही गादी इंग्रजांनी लोकांना बाटवण्यासाठी मांडली, असे आपल्याकडे सर्रास समजले जाते. तिचा जन्म कसा झाला हे पाहिले, तर दुसरेच काही दिसते. ती मांडली गेली ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरांसाठी आणि तिचा खर्च निघाला सरकारी खजिन्यातून. मराठी माणसांत ती मूळ धरू लागली, ती सरकारचा हात सुटल्यावरच.

१६६१ च्या विवाह-करारात पोर्तुगीजांनी मुंबई इंग्लंडच्या राजाला दिली आणि राजाने १६६८ मध्ये ती वर्षाला दहा पौंड भाड्याने कंपनीच्या हवाली केली. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम ही सात बेटे, मधे खाजण, आणि हवा अशी की नवा आलेला गोरा दोन पावसाळे काढील की नाही याची शाश्वती नसे. गव्हर्नर जेरल्ड आँजियरने १६७६ मध्ये चर्चचा पाया घातला. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक होऊन तेव्हा दोन वर्षे झाली होती आणि महाराजांची फौज जालन्यावर चालून जायला अजून तीन वर्षे होती. पाया पडला, पण भिंती जवळजवळ चाळीस वर्षे तशाच अर्धवट उभ्या राहिल्या. कंपनीच्या लेखी प्रार्थनामंदिराची निकड वखारीइतकी नव्हती, हे यातून उघड होते. रिचर्ड कॉब या पाद्र्याने वर्गणी जमवून काम पुढे रेटले आणि १७१८ च्या नाताळात सेंट थॉमस चर्च उघडले. किल्ल्याच्या ज्या दरवाजातून त्या चर्चकडे जात, त्याचे नाव आज चर्चगेट स्टेशनच्या रूपाने लाखो लोकांच्या तोंडी आहे. कॉबचे मात्र लवकरच कौन्सिलशी बिनसले आणि त्याची चाकरी गेली. पाद्री हाही कंपनीचा पगारी नोकर होता, आणि धन्याशी वाजले की नोकराचे जे होते तेच त्याचे झाले.

पुढची शंभर वर्षे या बेटांना बिशप नव्हताच. १८१३ च्या सनदी कायद्याने कलकत्त्याला एक बिशप नेमला आणि कलकत्ता, मद्रास, मुंबई अशा तिन्ही ठिकाणी एकेक आर्चडीकन, म्हणजे बिशपच्या हाताखालचा अधिकारी. त्या एका बिशपच्या पदरात पुढे ऑस्ट्रेलियासुद्धा टाकण्यात आला. कारभार कागदावर किती ऐसपैस असू शकतो, याचा हा नमुनाच म्हणायचा. १८३३ च्या कायद्याने मद्रास आणि मुंबईला स्वतंत्र बिशप मंजूर झाले. वेतन कायद्यातच ठरवून दिले होते : वर्षाला २४,००० सिक्का रुपये, तेही हिंदुस्थानच्या महसुलातून. १८३७ मध्ये मुंबईचेच आर्चडीकन टॉमस कार पहिले बिशप झाले आणि सेंट थॉमस कॅथीड्रल बनले. नेमणूक राजाच्या सनदेने व्हायची आणि अधिकाराची हद्द इलाख्याच्या हद्दीनुसार ठरायची. गावोगावच्या मंडळ्यांनी एकत्र येऊन आपला पुढारी निवडला, असे यात कुठे घडलेच नाही. कलेक्टर आणि न्यायाधीश नेमावा तसा बिशप नेमला गेला. म्हणून या काळातली अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चची, देवळे कॅम्पात, बंगल्यांच्या रांगेत नाहीतर सिव्हिल लाइन्सला सापडतात. कुलाब्याचे अफगाण चर्च १८५८ मध्ये दुसरे बिशप जॉन हार्डिंग यांनी अर्पण केले. ते उभारले पहिल्या अफगाण युद्धात पडलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ.

यावर एक आक्षेप लगेच येईल : राज्य त्यांचे, बिशप त्यांचा, पगार सरकारी, मग धर्मांतरामागे हीच यंत्रणा नव्हती का? पुरावा मात्र याच्या उलट बोलतो. ज्या १८१३ साली कलकत्त्याच्या बिशपला कायद्याने मान्यता मिळाली, त्याच वर्षी मुंबईत उतरलेल्या गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट या अमेरिकन मिशनऱ्यांना परत पाठवून देण्याचा हुकूम मुंबई सरकारने काढला होता; पुढे बऱ्याच खटपटीने त्यांना राहू दिले गेले. व्यापाराला आणि शांततेला धोका नको, म्हणून कंपनीला मिशनरी नकोसेच होते. धर्मांतरावरून महाराष्ट्रात ज्या मोठ्या खळबळी झाल्या, त्यांचे मूळही बिशपच्या बंगल्यात नाही. १८३९ चे पारशी मुलांचे प्रकरण स्कॉटिश मिशनच्या जॉन विल्सन यांच्या शाळेतले. १८४३ मध्ये ज्याला परत जातीत घेण्यासाठी बाळशास्त्री जांभेकरांनी टीका सोसली, तो श्रीपत शेषाद्री त्याच मिशनच्या प्रभावाखालचा. नगरचे काम अमेरिकन मराठी मिशनचे, आणि रेव्हरंड टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले तेही त्याच मिशनमध्ये. या दोन्ही मिशनांत बिशप हे पदच नव्हते. चर्च मिशनरी सोसायटी ही अँग्लिकन खरी. तिने १८३२ पासून नाशिकला ठाण मांडले आणि पुढे शरणपूर वसवले. पण ती चालायची इंग्लंडातल्या वर्गणीदारांच्या पैशावर. बिशप दीक्षा देई, परवाना देई. मराठी शिकून खेड्यांत फिरण्याचे काम दुसऱ्यांचे होते.

गादीचा आणि मराठी समाजाचा प्रत्यक्ष संबंध आला, तेव्हा गादी बहुधा अवघडलेली दिसते. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात अँग्लिकन बाप्तिस्मा घेतला. चेल्टनहॅमला त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावे असा विचार पुढे आला, तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी विरोध केला आणि त्यांत मुंबईचे लुई मिल्न होते. बाईने पुरुषांना शिकवले तर हिंदू समाजात तिची पत जाईल, हा त्यांचा मुद्दा. ज्या स्त्रीने कलकत्त्याच्या पंडितांपुढे भरसभेत शास्त्रार्थ केला होता, तिला हिंदू रीतीची आठवण बिशपांनी करून द्यावी, हे विलक्षणच. पुण्यात पंचहौद मिशनमध्ये १८९० च्या ऑक्टोबरात न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक आणि इतरांनी चहा घेतला आणि शहरात ग्रामण्य माजले. तेही घर अँग्लिकनच होते, संन्यस्त बांधव आणि भगिनींनी चालवलेले. महाराष्ट्राच्या सार्वजनिक स्मरणात अँग्लिकन संस्था राहिली ती कुठल्या बिशपच्या प्रवचनामुळे नव्हे, चहाच्या कपामुळे!

सरकारचा टेकू काढला पाहिजे हे गादीवरच्या एका माणसाने ओळखले. एडविन जेम्स पामर १९०८ ते १९२९ बिशप होते. हिंदुस्थानातले चर्च इंग्लंडच्या पार्लमेंटच्या ताब्यात राहिले तर ते कधी हिंदी होणार नाही, हे त्यांचे म्हणणे. इतर पंथांशी ऐक्य करण्याच्या चर्चेतही ते पुढे होते. माझ्या मते मुंबईच्या साऱ्या इंग्रज बिशपांत दूरदृष्टीचा मान त्यांचाच. १९२७ मध्ये कायदा झाला आणि १९३० पासून हे चर्च सरकारपासून मोकळे झाले. त्याच सुमारास, १९२९ मध्ये, मुंबई धर्मप्रांतातून नाशिक वेगळे निघाले आणि फिलिप लॉइड तिथले पहिले बिशप झाले. गादी बेटावरून घाट चढून गोदावरीच्या काठी आली.

इथे दुसरा आक्षेप घेता येतो आणि तो पहिल्यापेक्षा वजनदार आहे : व्ही. एस. अझरय्या हे पहिले हिंदी अँग्लिकन बिशप १९१२ मध्येच झाले. मग सरकारी बंधन असताना हिंदी नेतृत्व आलेच की! आले, पण कुठे? डोर्नकलला, म्हणजे निजामाच्या राज्यात, ब्रिटिश इलाख्याबाहेर. मुंबईच्या गादीवर तेव्हा कोणा हिंदी माणसाला बसवले गेले नाही. १९३० नंतरही तिथे अॅक्लंड, लॅश, रॉबिन्सन असे इंग्रज बिशपच होते आणि स्वातंत्र्यानंतर वीस वर्षे उलटली तरी ती रीत टिकली. सरकारी टेकू निघाला म्हणून सवयही लगेच निघते असे नाही, एवढे या आक्षेपाच्या बाजूने मान्य करावे लागेल.

मराठवाड्यात मात्र देशी नेतृत्वाला गादीची वाट पाहावी लागली नाही, कारण हा मुलूख निजामाचा. कंपनीच्या फौजेची छावणी जालन्यात होती, पण राज्य कंपनीचे नव्हते. औरंगाबादला चर्च मिशनरी सोसायटीचे काम एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दीर्घकाळ सांभाळले ते रतनजी नवरोजी या पारशी पाळकाने. जालन्याजवळ श्रीपतचे थोरले बंधू रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी निजाम सरकारकडून मिळालेल्या जमिनीवर बेथेल हे गाव वसवले. तिथे मुख्यतः अस्पृश्य मानलेल्या जातींतली कुटुंबे राहायला आली. शेषाद्री स्कॉटिश फ्री चर्चचे असल्याने त्यांच्यावर कोणी बिशप नव्हताच. गावाचा कारभार, शाळा, शेती, सगळे त्यांच्या नजरेखाली चाले.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले आणि बिशप मानणारे नि न मानणारे असे दोन्ही प्रवाह एका संस्थेत आले. मराठवाड्याचा धर्मप्रांत पुढे नाशिकमधून निघाला. कागदोपत्री त्याचे कूळ लॉइड आणि कार यांच्यातून सेंट थॉमसपर्यंत जाते, आणि ते खोटे नाही. पण जालना जिल्ह्यातल्या मंडळ्या उभ्या राहिल्या त्या शेषाद्रींसारख्यांच्या कष्टावर, आणि या धर्मप्रांताचा इतिहास कोणी लिहायला घेतला, तर पहिले प्रकरण मुंबईच्या कॅथीड्रलचे नव्हे, बेथेलचे हवे.