उजव्या काठाची कुळकथा

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत चादर विणायला घेतात, तेव्हा रुंदीचा हिशेब मागावर पहिला धागा चढण्याआधीच झालेला असतो. फणीत उभे धागे किती बसतील, त्यातले नक्षीला किती आणि दोन्ही बाजूंच्या किनारीला किती, जेकॉर्डला हुक किती, एक नक्षी रुंदीत किती वेळा येईल, हे सगळं आलेखाच्या कागदावर चौकोन मोजून ठरतं. काठावर कारखान्याचं नाव विणायचं असेल तर त्याची अक्षरंही याच मोजणीत बसवतात. नावाचं शेवटचं अक्षर कापडाबाहेर राहिलं, असं होत नाही.

त्याच वसाहतीतल्या ऑफिसात मात्र संगणकाच्या पडद्यावरचं एखादं रुंद पान प्रिंटला दिलं की उजवी बाजू कापली जाते. हजेरीपटाचे शेवटचे रकाने जातात, दरपत्रकातला शेवटचा आकडा जातो, प्रत्येक ओळीतला शेवटचा शब्द अर्धा राहतो. आपली लिपी डावीकडून उजवीकडे जाते आणि तक्त्यातली बेरीजही उजवीकडेच येऊन थांबते. जुन्या खतावणीतही जमा डावीकडे आणि नावे उजवीकडे. म्हणून उजवा काठ गेला की पानाचा सगळ्यात मोलाचा भाग जातो. ही किरकोळ गैरसोय आहे असं मला वाटत नाही. कामगाराच्या हजेरीची आणि मालाच्या पैशांची नोंद त्या चार बोटांच्या पट्टीत असते.

या काठाचं मूळ शोधत गेलं तर वाट पुन्हा मागापाशीच येते.

फ्रान्समधल्या लिआँ शहराच्या जोझेफ मारी जकार यांनी १८०४ च्या सुमारास छिद्रं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांवर चालणारं यंत्र मागाला जोडलं. कार्डावर छिद्र असेल तिथला हुक उचलला जातो, नसेल तिथला खालीच राहतो. सोलापुरी चादरीवरचा मोर याच युक्तीने उतरतो. इलेक्ट्रॉनिक जेकॉर्डवर पुठ्ठ्याची जागा फाइलने घेतली, पण उचलायचा धागा आणि न उचलायचा धागा हा भेद तोच राहिला. १८३९ मध्ये खुद्द जकार यांचं रेशमी चित्र विणलं गेलं. त्याला सुमारे २४ हजार कार्डं लागली. त्याची एक प्रत चार्ल्स बॅबेज यांच्याकडे होती आणि आपल्या नियोजित गणनयंत्रासाठी त्यांनी कार्डांची कल्पना जकार यांच्या मागावरूनच घेतली होती.

पुढे हर्मन हॉलरिथ यांनी १८९० च्या अमेरिकी जनगणनेत माणसांची माहिती छिद्रांत नोंदवली. त्यांची कंपनी १९११ मध्ये इतर कंपन्यांत विलीन झाली आणि १९२४ पासून ती आयबीएम या नावाने ओळखली जाऊ लागली. १९२८ मध्ये आयबीएमने नवं कार्ड आणलं. त्यात उभे रकाने ८०. एका कार्डावर ८० अक्षरं, त्याहून जास्त नाहीत. पुढे पडद्यांनीही हीच रुंदी घेतली. १९७८ च्या व्हीटी-१०० या टर्मिनलवर एका ओळीत ८० अक्षरं मावत. टंकलेखन यंत्राचा प्रघात इंचाला दहा अक्षरं असा होता, म्हणजे ८० अक्षरांना आठ इंच. साडेआठ इंची कागदावर दोन्हीकडे जेमतेम समास उरे.

पण हिशेब आठ इंचांत मावत नाहीत. १९५९ मध्ये आलेल्या आयबीएम १४०३ या छपाईयंत्रावर एका ओळीत १३२ अक्षरं छापली जात. त्यांना १३.२ इंच लागत, आणि दोन्ही कडांच्या भोकांच्या पट्ट्या धरून कागद जवळजवळ पंधरा इंच रुंद असे. आपल्याकडे ज्याला कंटिन्युअस पेपर म्हणतात, त्याचा रुंद प्रकार तो हाच.

ही रुंदी कारखान्याला का मानवली, ते कामगारांचं मस्टर मांडून पाहिलं की कळतं. हजेरी नोंदवहीत ठेवणं कारखान्याला कायद्याने बंधनकारक आहे. नावाला २४ अक्षरांची जागा द्या. महिन्याच्या ३१ तारखांना प्रत्येकी तीन, म्हणजे ९३. एकूण दिवस, रजा, ओव्हरटाइम यांना १५. बेरीज बरोबर १३२. हेच मस्टर ८० अक्षरांच्या कागदावर छापायला घ्या. नाव वजा जाता ५६ उरतात आणि त्यांत १८ तारखा बसतात. १९ तारखेपासूनची हजेरी कागदावर उतरतच नाही, आणि पगार ज्या रकान्यावरून निघतो तो तर सगळ्यात शेवटी.

यावरची पहिली लोकप्रिय तोड डॉट मॅट्रिक्स प्रिंटरने दिली. १९८० च्या सुमारास आलेला एपसनचा एमएक्स-८० होता अरुंदच, पण त्याला सूचना दिली की तो अक्षरं आवळून छापे आणि त्याच आठ इंचांत १३२ अक्षरं बसवी. आज ब्राउझर ‘पानात बसवा’ म्हणतो, त्या सोयीचा हा पूर्वज. अक्षरं बारीक येत, पण काठ शाबूत राही.

कागदाचं कूळ वेगळं. लांबी आणि रुंदी यांचं प्रमाण दोनाच्या वर्गमुळाएवढं ठेवलं की कागद अर्धा दुमडला तरी आकार तोच राहतो, हे गेओर्ग लिख्टेनबर्ग यांनी १७८६ मध्ये एका पत्रात लिहिलं होतं. वाल्टर पोर्स्टमान यांच्या कामातून १९२२ मध्ये ते जर्मन मानक झालं आणि १९७५ मध्ये आंतरराष्ट्रीय. त्यातला ए-फोर २१० मिलिमीटर रुंद. अमेरिकेने मात्र साडेआठ इंची ‘लेटर’ सोडला नाही आणि तो ए-फोरपेक्षा सुमारे सहा मिलिमीटर रुंद आहे. प्रिंटरच्या सेटिंगमध्ये ‘लेटर’ राहून गेलं आणि ट्रेमध्ये ए-फोर असला, तर एवढ्यानेसुद्धा काठाचं अक्षर जाऊ शकतं. छपाई बिघडली की आधी हे तपासावं.

टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये सर्न या संस्थेत वेबची कल्पना मांडली. त्यातल्या पानाला स्वतःची रुंदी नव्हती. ज्याचा पडदा जेवढा, तेवढ्यात मजकूर वाहायचा. ही फार उदार कल्पना होती. पण पानं सजवणाऱ्यांना मजकूर जागच्या जागी हवा होता, म्हणून त्यांनी तक्ते वापरून रुंदी पिक्सेलमध्ये बांधून टाकली. ८०० पिक्सेलच्या पडद्यासाठी ७६०-७८० पिक्सेलची पानं बनू लागली. आता कागद मोजा. इंचाला ९६ पिक्सेल धरले तर ए-फोरची पूर्ण रुंदी होते ७९४. दोन्हीकडे अर्धा-अर्धा इंच समास सोडला की उरतात ६९८. ७६० चं पान त्यात कसं मावणार? १९२८ च्या कार्डाला रकान्यांची मर्यादा होती, चादरीला फणीची आहे. वेबच्या पानाला कोणी मर्यादाच घातली नाही, आणि कागदापाशी आल्यावर ती कात्रीसारखी लागली.

उपाय लवकर सापडला होता. सर्नमध्येच हाकोन विउम ली यांनी ऑक्टोबर १९९४ मध्ये सीएसएसचा, म्हणजे पानाचं रूप मजकुरापासून वेगळं लिहिण्याचा प्रस्ताव मांडला. मे १९९८ च्या दुसऱ्या आवृत्तीत पडद्यासाठी एक आणि छपाईसाठी दुसरे नियम लिहिण्याची सोय आली. कागदाचे समासही त्यात सांगता येतात. तरी कित्येक वर्षं छपाईचे नियम लिहिण्याची तसदी फारच थोड्यांनी घेतली. शेवटी ब्राउझरनेच जबाबदारी उचलली. इंटरनेट एक्सप्लोररच्या सहाव्या आवृत्तीपर्यंत रुंद पानाची उजवी बाजू सरळ कापली जाई. ऑक्टोबर २००६ च्या सातव्या आवृत्तीपासून पान आपोआप आक्रसून कागदात बसू लागलं.

आक्रसण्याला किंमत असते. १९२० पिक्सेलचं पान उभ्या ए-फोरवर बसवलं तर ते ३६ टक्क्यांवर येतं आणि बारा पॉइंटचं अक्षर साडेचार पॉइंटपेक्षाही लहान होतं. इंग्रजी तेवढ्यात कशीबशी वाचता येईल. देवनागरीत वर वेलांटी, खाली उकार, डोक्यावर अनुस्वार, शिवाय जोडाक्षरं. सगळ्यात आधी अनुस्वार पुसट होतो. म्हणून मराठी तक्त्यासाठी टक्केवारी कमी करण्याआधी कागद आडवा करावा, असं मी आग्रहाने सांगेन. आडव्या ए-फोरवर अर्धा इंच समास सोडून १०२६ पिक्सेल मिळतात. १०२४ चं पान त्यात एक अक्षरही लहान न करता बसतं आणि १३६६ चं ७५ टक्क्यांत, म्हणजे नऊ पॉइंटांत.

एक गोष्ट मात्र प्रिंट काढणाऱ्याच्या हातात नाही. हल्ली रुंद तक्ता पानात एका चौकटीत ठेवतात आणि बोटाने सरकवून उजवीकडचा भाग बघायचा असतो. कागदावर सरकवायला काही नसतं, त्यामुळे चौकटीबाहेरचं सगळं छपाईत गळतं आणि आक्रसूनही ते परत येत नाही. छपाईच्या वेळी ती चौकट उघडी ठेव, बाजूचा मेनू लपव, रुंदी कागदाएवढी घे, तक्त्याचा मथळा प्रत्येक पानावर पुन्हा छाप, या चार सूचना पान बनवणाऱ्यानेच लिहायला हव्यात. अर्ध्या तासाचं काम आहे. मागावर बसणारा कारागीर धागे मोजल्याशिवाय पहिला फेर टाकत नाही. हजारो लोक ज्याचं प्रिंट काढणार आहेत, असं पान बनवणाऱ्याकडून तेवढीच अपेक्षा आहे.

मस्टरचंच उदाहरण घ्या. आडव्या ए-फोरचे १०२६ पिक्सेल हातात आहेत. ३१ तारखांना प्रत्येकी २२ दिले तर ६८२ होतात, आणि सहा मिलिमीटरला किंचित कमी असलेल्या त्या चौकोनात हजेरीची खूण स्वच्छ दिसते. राहिले ३४४. त्यातले २०० नावाला आणि १४४ एकूण दिवस, रजा, ओव्हरटाइम यांना.