मोटारसायकल-आवरणाचे प्लॅस्टिक बंधक

मोटारसायकल-आवरणाचे प्लॅस्टिक बंधक : मोटारसायकल व स्कूटर यांची प्लॅस्टिकची आवरणे परस्परांना व सांगाड्याला जोडून ठेवणाऱ्या, बहुधा नायलॉनच्या वा ॲसिटल प्लॅस्टिकच्या, लहान वस्तू. कारागिरांच्या बोलीत आवरणाला ‘फायबर’, बंधकाला ‘क्लिप’ आणि आवरणाच्याच कडेला घडविलेल्या आकड्याला ‘लॉक’ म्हणतात. बंधक बसविणे क्षणाचे काम असते. मात्र धूळ, ऊन व चिखल यांनी तो जखडला की, सोडविण्यास कौशल्य लागते. कारखान्यात जोडणीचे जे श्रम वाचले, त्यांतील काही दुरुस्ती करणाऱ्याच्या वाट्याला आले, हा या बंधकाच्या इतिहासाचा मुख्य आशय होय. पुणे जिल्ह्यातील बारामती येथे जुन्या व नव्या अशा दोन्ही रचनांची वाहने तयार होत असल्याने हे स्थित्यंतर तेथे विशेष स्पष्टपणे दिसून येते.

इतिहास : इटलीतील प्याज्यो कंपनीने १९४६ मध्ये व्हेस्पा स्कूटरचे एकस्व घेतले. कोर्रादीनो दास्कान्यो या विमान-अभियंत्याने तिचा आराखडा केला होता. दाबयंत्राने घडविलेला पोलादी पत्रा हाच तिचा सांगाडा व तेच तिचे आवरण होते. बजाज ऑटोने १९६० च्या सुमारास याच कंपनीच्या परवान्याने पुण्याजवळ आकुर्डी येथे स्कूटर तयार करण्यास प्रारंभ केला. परवान्याची मुदत संपल्यानंतर १९७२ मध्ये आलेल्या चेतक स्कूटरनेही पत्र्याचीच परंपरा चालविली. इंजिनावरील झाकण खटक्याने सुटे होई. उरलेले काम पाना व पेचकस यांवर भागे. पोचा आलेला पत्रा ठोकून सरळ करता येई आणि आटे गेलेला बोल्ट बदलता येई. त्यामुळे वाहन उघडण्याची विद्या मालकाच्याही आवाक्यात होती.

प्लॅस्टिक बंधकाला आवश्यक असा लवचिक पण चिवट पदार्थ विसाव्या शतकात उपलब्ध झाला. वॉलेस कॅरदर्स यांनी १९३५ मध्ये नायलॉन तयार केले. १९५४ मध्ये जूल्यो नात्ता यांनी इटलीत पॉलिप्रोपिलीन तयार केले व १९६० मध्ये ॲसिटल प्लॅस्टिक बाजारात आले. होंडा कंपनीने १९५८ मध्ये सुपर कब या मोटारसायकलीला पॉलिएथिलिनाचे पायरक्षक आवरण बसविले. भारतात कायनेटिक होंडा (१९८४) या स्कूटरने प्लॅस्टिकची आवरणे सर्वपरिचित केली, तर यामाहा आर-१५ (२००८) या मोटारसायकलीने संपूर्ण वायुरोधी आवरण सामान्य तरुण ग्राहकापर्यंत पोहोचविले.

प्याज्यो व ग्रीव्ह्ज यांच्या संयुक्त प्रकल्पातून १९९० नंतरच्या दशकाअखेरीस बारामतीत ॲपे या तीनचाकी वाहनाची निर्मिती सुरू झाली. पुढे हा प्रकल्प संपूर्णतः प्याज्योच्या मालकीचा झाला. तेथे २०१२ मध्ये व्हेस्पाचा, २०१६ मध्ये ॲप्रिलिया एसआर १५० या स्कूटरचा आणि त्यानंतर डिसेंबर २०२३ मध्ये भारतात सादर झालेल्या ॲप्रिलिया आरएस ४५७ या मोटारसायकलीचा आरंभ झाला. व्हेस्पाचे शरीर पोलादी पत्र्याचेच राहिले आहे. उलट ॲप्रिलियाचे बाह्यरूप सांगाड्यावर चढविलेल्या प्लॅस्टिकचे आहे.

प्रकार : बंधकांचे प्रमुख प्रकार चार आहेत. (१) दाब-बंधक : यातील मधली खीळ दाबली असता बाह्य नळीचे पाय फाकून छिद्रात घट्ट बसतात. (२) पेच-बंधक : यात खिळीऐवजी आटे असलेला स्क्रू असतो. (३) पायऱ्यांचा बंधक : याच्या दांड्यावर माशाच्या काट्यासारखे तिरपे पापुद्रे असतात, तो सहज आत जातो, पण बाहेर येताना अडतो. (४) आकडा व खाच : हा भाग आवरणाचाच असल्याने तो तुटल्यास बहुधा संपूर्ण आवरण बदलावे लागते.

विमानांसाठी १९३० नंतरच्या दशकात विल्यम झूस यांनी योजिलेला, पाव फेऱ्यात सुटणारा धातूचा बंधक याहून भिन्न होय. तो वारंवार उघडण्यासाठीच योजिलेला असल्याने शर्यतीच्या मोटारसायकलींवर आजही वापरला जातो. दैनंदिन वाहनावरील बंधकाच्या आराखड्यात मात्र जलद व स्वस्त जोडणीला अग्रक्रम असतो.

जखडण्याची कारणे : बारामती व इंदापूर हे तालुके पर्जन्यछायेच्या प्रदेशात येतात. कडक उन्हाळा, उसाच्या वाहतुकीने उडणारी धूळ आणि कालव्यांच्या पट्ट्यातील काळ्या मातीचा चिखल, या तिन्हींशी येथील दुचाकीचा संबंध येतो. चिखल नळीच्या पायांमध्ये वाळून कठीण झाला की, ते मिटत नाहीत. नायलॉनची चिवटता त्यातील ओलाव्यावर काही अंशी अवलंबून असते. कोरड्या हवेत ते ठिसूळ होते. सूर्यप्रकाशातील जंबुपार किरणांनीही प्लॅस्टिकचा ऱ्हास होतो.

सोडविण्याची पद्धती : प्रथम बंधकाभोवतीची माती ब्रश व पाण्याने पूर्णपणे काढतात. नंतर बंधकाचा प्रकार ओळखतात, कारण काही बंधकांची खीळ आत दाबावी लागते, तर काहींची बाहेर ओढावी लागते. आत दाबावयाची खीळ थोडीच दाबतात. अधिक दाबल्यास ती पलीकडे पडते. पेच-बंधकाचा स्क्रू जागीच फिरत राहिल्यास त्याच्या डोक्याखाली पातळ पाते सरकवून किंचित उचलत फिरवितात. ठिसूळ बंधकाला गरम पाण्याच्या फडक्याने ऊब दिल्यास तो काहीसा नरम होतो. पेट्रोल वापरणे टाळतात, कारण त्याने काही प्लॅस्टिकांना तडे जातात. आवरण उचकटण्यासाठी प्लॅस्टिकची पाचर वापरतात आणि आकडे खाचेच्या दिशेनेच सरकवितात. इतके करूनही बंधक न सुटल्यास त्याचे डोके पक्कडीने कापतात किंवा मधोमध छिद्र पाडून तो काढतात. बंधक अल्प किमतीत मिळतो, आवरण महाग असते. म्हणून बंधकाचा बळी देऊन आवरण वाचविणे हा या कामाचा मूलभूत नियम होय. पुन्हा बसविताना दाब-बंधकाची खीळ आधी बाहेर काढून नळी छिद्रात घालतात व मग खीळ डोक्याशी समतल होईपर्यंत दाबतात.

दुरुस्तीचा प्रश्न : बंधकांची स्थाने व ते सोडविण्याचा क्रम निर्मात्याच्या दुरुस्ती-पुस्तिकेत दिलेला असतो. ती पुस्तिका हाती नसलेल्या गावच्या कारागिराला हे ज्ञान वाहने उघडून, प्रसंगी लॉक मोडून, मिळवावे लागते व मोडतोडीचा भुर्दंड त्याला किंवा ग्राहकाला सोसावा लागतो. भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काविषयी समिती नेमली आणि तिच्या कार्यकक्षेत शेती-अवजारे, भ्रमणध्वनी व इलेक्ट्रॉनिक साधने आणि टिकाऊ गृहोपयोगी वस्तू यांबरोबर मोटारवाहनांचाही समावेश केला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये उत्पादकांची दुरुस्तीविषयक माहिती एकत्र देणारे संकेतस्थळ सुरू झाले. आवरणाखालील इंजिन, बॅटरी व तारा यांपर्यंत पोहोचण्याचा मार्ग या बंधकांतूनच जात असल्याने ते सोडविण्याची माहिती कोणाला मिळते, यावर वाहन गावातच दुरुस्त होणार की शहरातील अधिकृत केंद्रात न्यावे लागणार, हे बऱ्याच अंशी ठरते.