दोन फोर्ड आणि एक कायदा

बैल घ्यावयाचा झाला म्हणजे शेतकरी त्याचे दात पाहतो, खूर पाहतो, खांद्यावरून हात फिरवतो, चार पावले चालवून घेतो. आणि तेवढ्यानेही मन भरले नाही तर औताला जुंपून पाहतो. ही पारख बापाकडून मुलाकडे आलेली असते. परंतु यंत्राला दात नसतात. वरचा रंग ताजा असला म्हणजे आतली दातेरी चाके किती दिवस टिकतील हे बाहेरून कळत नाही. शिवाय बैल आजारी पडला तर गावातला जाणकार काढा तरी देतो. यंत्र आजारी पडले आणि त्याचा मोडलेला भाग शेकडो मैलांवरच्या कारखान्यातून यावयाचा असला, तर पेरणीचा हंगाम कोणासाठी थांबत नाही. कर्ज मात्र थांबलेले असते, दारात उभे!

या अडचणीवर एका शेतकरी समाजाने कायदा करून उपाय शोधला. तो समाज अमेरिकेतील नेब्रास्का राज्याचा, आणि ते वर्ष १९१९. आपण शहरात राहणारी माणसे. ट्रॅक्टर विकत घेण्याचा प्रसंग आपल्यापैकी फार थोड्यांवर येईल. तरीही जो कोणी आयुष्यात एखादे यंत्र विकत घेतो, त्याने ऐकावी अशी ही हकीकत आहे.

पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत गव्हाचे भाव चढले, माणसे व घोडे युद्धाने ओढून नेले, आणि ट्रॅक्टरला एकदम मागणी आली. मागणी आली की पुरवठा करणारे उगवतात. त्यांत सचोटीचे कारखानदार होते, तसे नुसते भागभांडवल गोळा करून मोकळे होणारेही होते. मिनिआपोलिस शहरातून 'बुल' नावाचा तीनचाकी ट्रॅक्टर सुमारे ३३५ डॉलरला विकला जाऊ लागला. जमीन रेटणारे चाक त्यात एकच. स्वस्ताईमुळे तो हातोहात खपला आणि खपला तितक्याच लवकर बदनामही झाला. त्याच शहरात 'फोर्ड ट्रॅक्टर कंपनी' नावाची आणखी एक मंडळी निघाली. मोटारवाल्या हेन्री फोर्डशी तिचा काडीचाही संबंध नव्हता. फोर्ड आडनावाचा एक गृहस्थ कंपनीत घेतला आणि त्याचे नाव यंत्रावर रंगवले, एवढेच! खऱ्या हेन्री फोर्डने १९१७ मध्ये आपला ट्रॅक्टर बाजारात आणला तेव्हा त्याला 'फोर्डसन' असे वेगळे नाव घ्यावे लागले, त्याचे कारण हेच.

नेब्रास्काच्या पोल्क परगण्यातील विल्मट क्रोझिअर या शेतकऱ्याने हा मिनिआपोलिसचा फोर्ड घेतला. तो कामाला आला नाही. मग त्याने बुल घेतला. त्यानेही निराशा केली. तिसऱ्या खेपेस त्याने रमली कंपनीचा 'ऑइलपुल' घेतला, आणि हे यंत्र सांगितल्यापेक्षा जास्त ओढू लागले. दुसरा कोणी 'अखेर नशीब उघडले' म्हणून गप्प बसला असता. क्रोझिअरने त्यातून निराळा प्रश्न काढला. चांगला ट्रॅक्टर बनवता येतो हे सिद्ध आहे. मग कोणता चांगला हे शोधण्यासाठी प्रत्येक शेतकऱ्याने दोनदा बुडावे का? ही परीक्षा विक्रीच्या आधी, सरकारच्या देखरेखीखाली आणि कारखानदाराच्या खर्चाने का होऊ नये?

क्रोझिअर राज्याच्या विधिमंडळावर निवडून आला होता. सिनेटर चार्ल्स वॉर्नर यांच्या साहाय्याने त्याने १९१९ मध्ये ट्रॅक्टर-चाचणीचा कायदा संमत करून घेतला. कायद्याची कलमे साधी होती. नेब्रास्कात विकावयाच्या प्रत्येक नमुन्याचा एक ट्रॅक्टर लिंकन येथील विद्यापीठात तपासला जावा. त्याची ताकद कंपनीच्या दाव्याशी ताडून पाहावी आणि निकाल प्रसिद्ध करावा. कंपनीला तो निकाल जाहिरातीत वापरावयाचा असेल तर सोयीचा तुकडा काढून वापरता येणार नाही, तो संपूर्ण द्यावा. आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे कलम असे, की विकणाऱ्याने सुट्या भागांचा पुरेसा साठा शेतकऱ्याला वेळेवर मिळेल अशा अंतरावर ठेवलाच पाहिजे. हे सर्व पटल्यावरच राज्याचा रेल्वे आयोग विक्रीचा परवाना देई.

चाचणी कशी होत असे तेही पाहण्यासारखे आहे. प्रथम यंत्र काही तास नुसते चालवून मोकळे करीत. मग पट्टा लावून मळणीयंत्रासारख्या स्थिर कामाची ताकद मोजीत, नंतर धावपट्टीवर ओझे ओढावयास लावून ओढीची ताकद मोजीत. तेल किती जळले याची नोंद होई. चाचणी चालू असताना काय बिघडले, काय बदलावे लागले, हेही अहवालात लिहिले जाई. १९२० च्या वसंतात पहिला अहवाल पुरा झाला तो 'वॉटर्लू बॉय' या ट्रॅक्टरचा. त्याची कंपनी जॉन डीअरने १९१८ मध्येच विकत घेतली होती. ओढीला १२ आणि पट्ट्याला २५ अश्वशक्ती हा त्याचा दावा खरा ठरला. कायदा एका राज्याचा होता, पण अहवाल देशभर वाचले जाऊ लागले. आणि ज्यांचे दावे पोकळ होते त्यांना लिंकनची वाट धरण्याचे धैर्य होईना.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. चाचणी तासांची असते आणि शेती वर्षानुवर्षांची. पुढची वर्षे दुकानदाराच्या हाती असतात. याचा दाखला लगेचच मिळाला. फोर्डसनचीही १९२० मध्ये लिंकनला चाचणी झाली. १९२२ च्या आरंभी फोर्डने त्याची किंमत ६२५ डॉलरवरून ३९५ वर आणली, आणि पुढल्या वर्षी एक लाखाहून अधिक फोर्डसन तयार झाले. इंटरनॅशनल हार्वेस्टर या जुन्या कंपनीने आपल्याही किमती उतरवल्या, वर नांगर फुकट दिला. परंतु तिची खरी पुंजी निराळीच होती. कापणीच्या यंत्रांच्या काळापासून तिचे विक्रेते लहानमोठ्या गावांत बसलेले होते. ते औतांची भाषा जाणत, सुटे भाग ठेवीत, हंगामात शेतावर येत. फोर्डचे विक्रेते बहुधा मोटारी विकणारे. नांगराचा फाळ किती खोल घालावा हे त्यांना शेतकऱ्यानेच सांगावे, अशी पुष्कळ ठिकाणी स्थिती. शिवाय नांगर अडकला असता फोर्डसन मागे उलटण्याचा धोका असे. हार्वेस्टरने १९२४ मध्ये ओळींतील पिकांत चालणारा 'फार्मॉल' आणला, आणि १९२८ मध्ये अमेरिकेतील फोर्डसनचे उत्पादन बंद झाले. फार्मॉलची रचना सरस होती हे खरेच. पण ती सरस रचना शेताच्या बांधापर्यंत पोहोचवणारा माणूस आधीपासून तेथे होता, हेही तितकेच खरे.

त्याच दशकात किती तरी लहान कंपन्या बुडाल्या. त्यांचे ट्रॅक्टर शेतकऱ्यांच्या दारी अनाथ होऊन पडले. भाग मिळेना, जाणणारा मिळेना. स्वस्त घेतलेले यंत्र किती महाग पडते हे त्या गंजत्या सांगाड्यांवरून कळत होते.

आपल्याकडेही ही वाट आली. नर्मदेकाठी बुदनी येथे १९५५ मध्ये ट्रॅक्टर-प्रशिक्षणाचे केंद्र निघाले व पुढे तेथे यंत्रांच्या चाचण्या होऊ लागल्या. १९६३ मध्ये त्याच हार्वेस्टर कंपनीच्या सहकार्याने मुंबईत महिंद्रांचा ट्रॅक्टरचा उद्योग उभा राहिला. लिंकनचे केंद्र तर आजही चालू आहे.

म्हणून ट्रॅक्टर घेणाऱ्याने अश्वशक्ती जरूर विचारावी, किंमतही विचारावी. पण त्याआधी तालुक्याच्या गावी जाऊन दुकानाची मागची खोली पाहावी. भागांची फळी भरलेली आहे का? गेल्या हंगामात यांचा मिस्त्री कोणाच्या शेतावर गेला होता, आणि किती दिवसांनी? हे ज्यांना सांगता येईल ते शेजारच्याच गावात भेटतात. क्रोझिअरला ही उत्तरे दोन ट्रॅक्टरांचे पैसे मोजून मिळाली; दुसऱ्या कोणाला ती तशी मिळवावी लागू नयेत, एवढ्यासाठीच त्याने कायदा केला.